रस्त्यावरचा श्रोता कोणाच्या हिशेबात?

नभोवाणीच्या भवितव्याविषयी आपल्याकडे चर्चा निघते, तेव्हा ती बहुधा दोन श्रोत्यांभोवती फिरते. एक, सकाळच्या चहाबरोबर घरात बातम्या ऐकणारा जुना श्रोता. दुसरा, शहरातल्या वाहतुकीच्या कोंडीत मोटारीत बसून एफएमवरची गाणी ऐकणारा तरुण. तिसराही एक श्रोता आहे आणि त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. तो दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर असतो. ऊस वाहणाऱ्या ट्रकचा चालक, बदलीच्या गावी निघालेला शिक्षक, रात्रीतून कांदा बाजारात पोचविणारा टेम्पोवाला, आजारी माणसाला जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन निघालेली जीप, ही सारी मंडळी या वर्गात मोडतात. या श्रोत्याचा रेडिओ गेल्या काही वर्षांत हळूहळू मुका होत चालला आहे. हा प्रश्न स्मरणरंजनाचा मानून सोडून देण्याजोगा नाही. तो सार्वजनिक अर्थकारणाचा प्रश्न आहे.

कोल्हापूरहून रत्नागिरीचा रस्ता घ्या. बांबवडे, मलकापूर मागे टाकून गाडी आंब्याच्या घाटाला लागते आणि साखरप्याला कोकणात उतरते. मीडियम वेव्हच्या दिवसांत हा प्रवास रेडिओवर ऐकता येत असे. देशावर असेपर्यंत १२५१ किलोहर्ट्झवरील सांगली केंद्र सोबतीला असे. त्यावर उसाच्या लागणीविषयी, द्राक्षांवरील रोगाविषयी कोणी माहीतगार बोलत असे. घाटात तो आवाज क्षीण होई, खरखर वाढे आणि काटा ११४३ वर नेला की रत्नागिरी केंद्र बोलू लागे. आता विषय आंब्याच्या मोहोराचा असे किंवा मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असे. दोन-तीन तासांत माणूस एका अर्थव्यवस्थेतून दुसरीत उतरला आहे, हे डोळ्यांआधी कानांना कळत असे.

यामागचे शास्त्र साधे आहे. मध्यमलहरी जमिनीला धरून दूरवर जातात. रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटरवर पोचतात. म्हणूनच मराठवाड्यातल्या एखाद्या निर्जन रस्त्यावर मध्यरात्री दुसऱ्याच प्रांताची भाषा अवचित कानी पडे. एफएमच्या लहरींची तऱ्हा वेगळी. त्यांचा आवाज स्वच्छ, परंतु त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोठ्या केंद्राचेही एफएम प्रक्षेपण साधारणतः पन्नास-साठ किलोमीटरवर विरते आणि मध्ये डोंगर आला, तर त्याच्याही आधी. सह्याद्रीने भरलेल्या प्रदेशात हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही.

आता आकडे पाहू. देशाच्या सुमारे ९२ टक्के क्षेत्रफळापर्यंत आणि ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत आपण पोचतो, असे आकाशवाणी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आली. हा विस्तार मुख्यतः मध्यमलहरींच्या बळावर होता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारभारतीच्या विस्तारासाठी २,५३९ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना मंजूर केली, तेव्हा आकाशवाणीच्या एफएमची व्याप्ती क्षेत्रफळाच्या ५९ टक्के आणि लोकसंख्येच्या ६८ टक्के असल्याचे सांगण्यात आले. ती अनुक्रमे ६६ आणि ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. उद्दिष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ते पूर्ण झाले, तरी देशाचा एकतृतीयांश भूभाग त्याबाहेर राहतो, आणि याच काळात मध्यमलहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे जुनी व खर्चिक म्हणून बंद करण्यात आली. लोकसंख्येची टक्केवारी वाढली, की नियोजनकार समाधान पावतात. रस्ते मात्र क्षेत्रफळातून जातात. विरळ वस्तीच्या टापूतून जाणारा प्रवासी त्या गावांच्या लोकसंख्येत मोजला जात नाही आणि ज्या शहरातून तो निघाला तिथे तो त्या घडीला नसतो.

खाजगी एफएम वाहिन्या ही उणीव भरून काढतील, अशी आशा २००१ पासून केली गेली. तसे घडणे शक्यच नव्हते. या वाहिन्यांचे परवाने शहरवार दिले जातात, लिलावात बोली शहराची लागते आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते शहरातल्या ग्राहकासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी मिळाली, त्यातही एकक शहरच राहिले. यात वाहिन्यांचा दोष नाही. ज्या श्रोत्याकडून उत्पन्न नाही, त्याच्यासाठी मनोरा उभारणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे. बाजारपेठ जिथे थांबते, तिथे शासनाचे काम सुरू होते, एवढाच धडा यातून घ्यायचा.

यावर हातात मोबाइल असताना रेडिओ हवा कशाला, असा सवाल कोणी करील. सवाल रास्त आहे. आकाशवाणीच्या वाहिन्या मोबाइलवर ऐकता येतात आणि चांगले जाळे असलेल्या हमरस्त्यावर त्या ऐकूही येतात. परंतु जिथे घाट आहे, जंगल आहे, विरळ वस्ती आहे, तिथेच मोबाइलचे जाळेही तुटते, कारण मोबाइल कंपनीचा हिशेबही ग्राहकसंख्येचाच असतो. शिवाय मोबाइलवर प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र वहन करावे लागते. हजार श्रोते वाढले, की भारही तितका वाढतो. नभोवाणीचे तसे नाही. एकदा प्रक्षेपण झाले, की एक श्रोता असो वा एक लाख, खर्चात पैचाही फरक पडत नाही. आणखी एक भेद आहे. मोबाइलवर आपण आपल्या आवडीचे तेच ऐकतो. रस्त्यावरचा रेडिओ त्या मुलखाला काय सांगायचे आहे, ते ऐकवतो. पुण्याचा नोकरदार लातूरच्या रस्त्यावर सोयाबीनचे भाव ऐकतो, तेव्हा त्याच्या पगारात भर पडत नाही. पण ज्या शेतांमधून तो चालला आहे, त्यांची चिंता त्याला ठाऊक होते. लोकशाहीत हा लाभ लहान नव्हे.

महाराष्ट्राला तर या कामाची परंपरा आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढे या प्रयोगाचा देशभर विस्तार झाला. ग्रामीण श्रोता म्हणजे केवळ कान नव्हे, त्याला तोंडही आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. आजची सामुदायिक रेडिओ केंद्रे ही त्याचीच वारस होत. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ माणदेशाच्या बोलीत बोलते. पण अशा केंद्राचा आवाज नियमाने जेमतेम दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोचतो. गाडी ते अंतर पंधरा मिनिटांत ओलांडते.

मग खर्च कोणी करायचा? इथे अर्थशास्त्रातला एक जुना वाद मार्ग दाखवू शकेल. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ मध्येच दीपगृहाचे उदाहरण देऊन म्हटले होते, की समुद्रावरच्या जहाजाकडून प्रकाशाचे मोल वसूल करता येत नाही, म्हणून दीपगृह शासनाने चालवावे. सॅम्युएल्सनने सार्वजनिक वस्तूंच्या विवेचनात तेच उदाहरण पुढे नेले. १९७४ मध्ये रोनाल्ड कोस याने इंग्लंडचा इतिहास तपासला आणि दाखवून दिले, की तिथली दीपगृहे प्रत्यक्षात जहाजांकडून बंदरात वसूल होणाऱ्या शुल्कावर चालत. प्रकाशाचे मोल समुद्रावर घेता येत नसले, तरी बंदरावर घेता येते. आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्याने हीच रीत होती आणि २०२१ च्या नव्या कायद्यातही जहाजांवरील शुल्काचे तत्त्व कायम आहे. योगायोग असा, की त्याच १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले.

रात्रीच्या रस्त्यावरचा रेडिओ हे दीपगृहच आहे, आणि आपल्या रस्त्यांवर बंदरेही आहेत. त्यांना आपण टोलनाके म्हणतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, दहा जिल्ह्यांतून जातो आणि २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. मोटारीला तिथे किलोमीटरमागे सुमारे दोन रुपये पथकर पडतो. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला येणाऱ्या गुंगीची चर्चा तो सुरू झाल्यापासून होत आहे. त्या पथकरातून किलोमीटरमागे एक पैसा बाजूला काढला, तर पूर्ण प्रवासाला सात रुपये होतात. तेवढ्यातून मार्गालगत लहान प्रक्षेपकांची साखळी चालविणे अशक्य वाटत नाही. जपानमध्ये द्रुतगती मार्गांच्या ठरावीक टप्प्यांवर १६२० किलोहर्ट्झवर केवळ रस्त्याची माहिती देणारा रेडिओ आहे. म्हणजे कल्पना हवेतली नाही. मध्यमलहरींचे मोठे प्रक्षेपक वीज फार खातात, हा आक्षेप खराच आहे. परंतु डिजिटल पद्धतीत तेवढ्याच क्षेत्रासाठी कमी वीज लागते आणि आकाशवाणीने तीसहून अधिक केंद्रांवर तशी यंत्रणा बसविलीही आहे. अडचण स्वस्त डिजिटल संचांची आहे; ती दूर होईपर्यंत निदान उरलेली मध्यमलहरी केंद्रे बंद करण्याची घाई होऊ नये.

टोल न देणाऱ्या गावकऱ्याला हे प्रक्षेपण फुकट मिळेल, अशी तक्रार झालीच, तर तिचे उत्तरही दीपगृहापाशी आहे. शुल्क मोठ्या जहाजाने दिले म्हणून कोळ्याच्या होडीपासून प्रकाश कोणी झाकून ठेवला नाही. शेतात पाणी देणाऱ्याने किंवा दुचाकीवरून बाजाराला जाणाऱ्याने तोच आवाज ऐकला, तर कोणाचेही काही कमी होत नाही.

या गोष्टीचे मोल सुखाच्या दिवसांत कळत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेले, आंबा घाटातला रस्ता खचला, परशुराम घाटात दरड कोसळली. अशा वेळी वीज जाते आणि पाठोपाठ मोबाइलचे मनोरेही बंद पडतात. घाटाच्या पायथ्याशी अडकलेल्या चालकाला मागे फिरावे की थांबावे, हे सांगू शकणारे साधन म्हणजे गाडीच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ. मात्र त्यावर बोलणारे कोणी हवे. आणि ते त्याच तालुक्याचे, त्याच रस्त्याची खबर असलेले हवे. दिल्लीहून किंवा मुंबईहून सहक्षेपित झालेली गाणी तिथे कामाची नाहीत.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्या निकालपत्रात श्रोत्याच्या माहितीच्या अधिकाराला महत्त्वाचे स्थान दिले. त्यानंतरच्या तीन दशकांत या मालमत्तेचे लिलाव झाले, परवाने दिले गेले, महसूल जमा झाला. पण तिची वाटणी शहरांच्या नकाशावर झाली. आता पुढचा आराखडा आखताना नियोजनकारांनी नकाशावर शहरांच्या टिंबांबरोबर त्यांना जोडणाऱ्या रेषाही पाहाव्यात. त्या रेषांवरही माणसे आहेत, ती रात्रभर जागी असतात आणि शहरांची सकाळची भाजी-दूध त्यांच्याच गाड्यांतून येते.