शेजारधर्माचे भांडवल

ज्या नगरीच्या धक्क्याला साऱ्या जगाचा माल येऊन लागतो, त्या नगरीत घरच्या घरी चार जिन्नस तयार करून विकणाऱ्याचा निभाव कसा लागावा, हा प्रश्न मुंबईपुरता तरी फार जुना आहे. १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० साली प्रिन्सेस गोदी. दूरदेशीचा माल गल्लोगल्ली पोचू लागला. मालाबरोबर पोटासाठी माणसेही आली: कोकणातून, घाटावरून, कारवाराकडून, कच्छ-काठेवाडातून. अशा परक्या शहरात ना वडिलोपार्जित जमीन, ना गहाण टाकण्याजोगे घर. मग यांची पत धरावी कोणी? सावकार ती धरीत असे, परंतु व्याजाच्या रूपाने तिचे मोल पुरेपूर वसूल करूनच.

पांढरपेशा कुटुंबांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधले, हे आज त्यांच्या नातवंडांस क्वचितच आठवते. १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपले गुरु शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावे मुंबईत सहकारी पतसंस्था काढली; १९१५ साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली; १९१८ साली सारस्वत सहकारी संस्था निघाली व तिचीच पुढे बँक झाली. या संस्थांच्या मुळाशी कोणा धनिकाचा दानधर्म नव्हता. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाची दिलेली हमी होती. आम्ही ज्यास शेजारधर्म म्हणतो, त्याचे हे हिशेबी रूप होय.

हेच बीज पुढे गिरगावातील एका गच्चीवर रुजले. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुड्या झाल्या. त्या भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतल्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी या बायांनी एक खाट व एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसाची अडचण मिटली! पैसे उसने देणारे छगनबाप्पा हे नुसते धनको नव्हते. कमी दराचा हलका माल काढू नका, एकच प्रत ठेवा, आणि हिशेब चोख लिहा, असा त्यांचा आग्रह असे. देणगी घ्यावयाची नाही, नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यावयाचा, हा भगिनींचा स्वतःचा निर्धार. आज ‘लिज्जत’च्या चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. भिजविलेले पीठ केंद्रातून घरी न्यावे, लाटलेले पापड आणून द्यावे व कामाचे पैसे पदरात घेऊन जावे, हा त्यांचा नित्यक्रम. चार पुड्या घेणारा तो पहिला व्यापारी नसता, तर हा सारा पसारा गच्चीवरच राहिला असता, असे आम्हांस वाटते.

गिरणगावातील खानावळवाल्या बायांची गोष्ट याहून कठीण आहे. गिरणीकामगार महिनाभर जेवी आणि पगार झाला म्हणजे पैसे देई. तोवर धान्य उधारीवर अथवा सावकाराच्या पैशावर आणावयाचे; म्हणजे अन्न शिजविणारी बाईच ऋणात शिजत असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांचे गट केले. एकमेकींच्या जबाबदारीवर बँकेकडून त्यांस कर्ज मिळू लागले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत् चालल्या नाहीत, आणि पंक्तीला बसणारा कामगारच दिसेनासा झाला. बँकेचे कर्ज भांडवल देते, गिऱ्हाईक देत नाही, हे कटु सत्य त्या वेळी उघड झाले. मंडळाने मग बाहेर जेवण पुरविण्याची कामे अंगावर घेतली, परंतु त्यासाठीही कोणीतरी मागणी घातली पाहिजेच.

येथेच आमच्या वाचकांच्या घराचा संबंध येतो. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण निमूटपणे मोजतो; मात्र मेतकूट घेऊन दारी आलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि वर ‘पुढच्या खेपेला देऊ’ असेही सांगतो. तिची पुढची खेप त्याच पैशांवर अवलंबून असते, हे ध्यानी येत नाही. याउलट काही दयाळू माणसे माल बेचव असला तरी तोंडावर स्तुती करतात आणि पुन्हा तिच्याकडे फिरकत नाहीत. घासाघिशीइतकीच ही दयाही घातक आहे.

शेजारच्या उद्योगास आधार द्यावयाचा तर तीन गोष्टी पुरेत. दाम त्याच दिवशी द्यावे. दोष दिसल्यास तो स्पष्ट पण गोड शब्दांत सांगावा. आणि माल पसंत पडल्यास दर महिन्यास न चुकता घ्यावा. यांत उपकार कोणाचाच नाही. आपल्या आजोबांची पत ज्यांनी धरली, त्यांचे ऋण फेडण्याची ही एक साधी रीत आहे.