असूनही ऐकू न येणारी गिटार

मंडळी, वस्तू समोर असते, तरी जाणवत नाही. असं का होतं? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, सातव्या कारिकेत, याची आठ कारणं दिली आहेत. त्यातली शेवटची दोन आज घेऊ. एक अभिभव, म्हणजे प्रबळानं दुबळ्याला झाकणं. दिवसा तारे दिसत नाहीत, तसं. दुसरं समानाभिहार, म्हणजे सारख्यात सारखं मिसळून जाणं. मुगाच्या राशीत टाकलेला मूग सापडतो का?

आता उदाहरण. घाटाखालच्या एका गावात गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा होता. गिटार वाजवणारा पोरगा आमच्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. सोलो आला, त्यानं पायानं बूस्ट पेडल दाबलं, आणि ऐकू काहीच आलं नाही. कार्यक्रमानंतर तो साउंडवाल्याला म्हणाला, "काका, तुम्ही माझा आवाज दाबला." काका म्हणाले, "अरे, तूच दर गाण्याला वाढवत होतास." दोघांचं बोलणंच बंद झालं. आम्ही मध्ये पडलो, आणि लक्षात आलं की दोघंही खरं बोलत होते.

बूस्ट पेडल सिग्नल वाढवतं, एवढंच. पण ते साखळीत कुठं आहे, यावर सगळं अवलंबून. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलचे माथे कापले जातात, म्हणून तर तो खरखरीत सूर येतो. बूस्ट त्याच्या आधी लावलं, तर माथे आणखी कापले जातात. सूर दाट होतो, लांबतो, पण मोठा फारसा होत नाही. मोठा हवा असेल तर बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर लावायचं. आमच्या पोरानं आधी लावलं होतं.

बरं, वाढवायचं किती? 3 डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते, पण कानाला फरक थोडाच वाटतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती. अँप आधीच टोकाला असेल, तर ती येणार कुठून? म्हणून सोलोला बहुधा 3 ते 6 डेसिबल पुरतात. हा झाला अभिभवावरचा उपाय.

पण समानाभिहार आवाज वाढवून जात नाही. गिटार, कीबोर्ड, गायकाचा गळा, सगळे मधल्या पट्टीत गर्दी करतात. तिथं सोलोपुरती गिटारची मधली पट्टी जरा उचलावी, आणि कीबोर्डवाल्यानं हात हलका करावा. साउंड चेकलाही साधं वाजवून उठू नये. बूस्ट दाबून सोलोची पातळी ऐकवावी. नाहीतर अचानक चढलेला आवाज बघून साउंडवाला मिक्सरवर फेडर खाली घेणारच. स्पीकर सांभाळणं हे त्याचं कामच आहे.

वाढवण्याला कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागासाठी ठरवून दिलेल्या ध्वनिमर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून जास्त किंवा 75 डेसिबलच्या वर, यातलं जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. म्हणजे प्रत्येकानं वाढवत राहायचं, हा रस्ता बंदच.

मग रस्ता कोणता? तो आपल्या शेगावच्या पालखीत रोज दिसतो. म्हणणारा अभंगाचा चरण घेतो, तेव्हा टाळकरी हात आवरतात. गजर आला की टाळ पुन्हा चढतात. तिथं ना पेडल, ना मिक्सर. एकाला ऐकू यावं म्हणून बाकीचे खाली येतात.

आम्ही त्या पोराला एवढंच सांगितलं: पेडल नंतर लाव, काकांना आधी भेट, आणि दुसऱ्याचा सोलो असेल तेव्हा तू खाली ये. कोजागिरीच्या कार्यक्रमात त्याचा सोलो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. काकांनी फेडरला हात लावला नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.