पोकळ छेदी पोलादाचे वितळजोड

चौरस, आयताकार वा वर्तुळाकार छेदाच्या पोलादी नळ्या वितळजोडकामाने (वेल्डिंगने) एकमेकींना जोडून केलेले सांधे. छपरांच्या कैच्या, यारींचे दंड, पादचारी पूल, समुद्रातील तेलफलाट व बसगाड्यांचे सांगाडे यांत ते वापरतात. नळीतील द्रव्य मध्यापासून दूर असल्याने तेवढ्याच वजनाच्या भरीव गजापेक्षा ती दाब व पीळ पुष्कळ अधिक सोसते. सांध्याच्या जागी मात्र हाच पोकळपणा उणा पडतो.

शाखा नळीचे टोक मुख्य नळीच्या एका पातळ भिंतीवर टेकते व त्या भिंतीला आतून आधार नसतो. शाखा बरीच अरुंद असेल, तर ताणाने भिंत बाहेर फुगते व दाबाने आत बसते. शाखा किंचितच अरुंद असेल, तर तिच्या कडेने भिंत कातरली जाऊन शाखा उपटून येऊ शकते. दोहोंची रुंदी सारखी असल्यास भार मुख्य नळीच्या बाजूच्या भिंतींवर पडतो व त्या चेमटतात. भार जोडरेषेवर सारखा वाटला जात नाही. बाजूच्या भिंती ताठ असल्याने तो त्यांच्याजवळ एकवटतो व मधला भाग जवळजवळ निष्क्रिय राहतो. त्यामुळे केवळ जोडरेषेची लांबी मोजून सांध्याचे बल काढणे फसवे ठरते. याउलट भिंतीची जाडी दुप्पट केल्यास फुगण्याला होणारा विरोध सु. चौपट होतो.

साधे संरचनात्मक पोलाद दर चौ. मिमी.ला सु. २५० न्यूटन प्रतिबलापर्यंत कायमचे विकृत होत नाही. उच्च बलाच्या पोलादांत ही मर्यादा ४६० ते ७०० न्यूटन वा त्याहूनही अधिक असते. हे बल बऱ्याच अंशी तापवून झटपट थंड करणे व पुन्हा बेताने तापविणे यांसारख्या क्रियांनी आलेले असते. जोडकामाची उष्णता ही क्रिया काही प्रमाणात उलटविते आणि जोडालगतचा अरुंद पट्टा मऊ पडतो. उष्णता फार कमी दिली, तर सांधा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनतो आणि हायड्रोजनामुळे काही तासांनीही त्याला तडे जातात. म्हणून यूरोपीय मानकात ४६० ते ७०० न्यूटन मर्यादेच्या पोलादांसाठी सांध्याचे गणिती बल ०.८ ने गुणून कमी धरतात.

वारंवार बदलणाऱ्या भाराखाली येणाऱ्या शिणवट्याच्या बाबतीत तर उच्च बलाचा लाभ जवळजवळ नाहीसाच होतो, कारण तडा जोडाच्या कडेवरील सूक्ष्म खाचेतून वाढतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा निवासी फलाट उलटून १२३ जण मृत्युमुखी पडले. एका नळीवर जलध्वनिग्राहकाची बैठक बसविण्यासाठी केलेल्या अवघ्या ६ मिमी.च्या सदोष जोडातून तेथे तडा सुरू झाला होता.

पुण्यात हा विषय मुख्यतः बसगाड्यांमुळे जिव्हाळ्याचा आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (१९६६) व सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट (१९६७) या संस्था येथे आहेत. दापोडीला राज्य परिवहन महामंडळाची बसबांधणीची मध्यवर्ती कार्यशाळा असून ॲल्युमिनियमऐवजी पोलादी नळ्यांचा सांगाडा तेथे अलीकडे रूढ झाला. बस उलटण्याच्या प्रमाण चाचणीत ती ८०० मिमी. उंचीवरून हळूहळू कलवून काँक्रीटच्या पृष्ठावर पडू देतात. प्रवाशांसाठी आखलेल्या अवकाशात सांगाड्याचा कोणताही भाग घुसता कामा नये. आघाताची ऊर्जा छप्पर व खिडक्यांचे खांब यांच्या सांध्यांजवळ नळ्या वाकण्यात खर्ची पडावी लागते. खांब उच्च बलाचा, पण जोडालगतचा पट्टा मऊ असेल, तर सारे वाकणे त्या पट्ट्यातच एकवटून सांधा फाटतो आणि हलका सांगाडा करण्याचा हेतू महागात पडतो. यावर उपाय म्हणून सांधा वाकण्याच्या जागेपासून दूर सरकवितात किंवा कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी देतात. ही पट्टी मात्र जपूनच द्यावी लागते. तिचे टोक खाचखळग्यांच्या रस्त्यावर शिणवट्याच्या तड्याचे नवे उगमस्थान होऊ शकते.