सामायिक ड्राइव्हवरचा लपलेला पसारा

ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर फोल्डर उघडावा आणि कुणीच न ठेवलेली ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल दिसावी, हा अनुभव अनेकांना येतो. हा व्हायरस नव्हे. मॅकमधला ‘फाइंडर’ आयकॉनच्या जागा, खिडकीची मांडणी वगैरे नोंदी या फाइलमध्ये ठेवतो. नावाआधी टिंब असल्याने मॅकवर ती लपलेली असते. विंडोजवर मात्र अनेकदा दिसते. म्हणजे पसारा करणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसतो!

नुसती डिलीट करून भागत नाही, मॅकवरून फोल्डर हाताळला की ती पुन्हा उगवते. मॅकच्या टर्मिनलमधून ‘डीएसडोंटराइटनेटवर्कस्टोअर्स’ ही सेटिंग ‘ट्रू’ करावी, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन व्हावे. मग नेटवर्कवर नव्या फाइली बनत नाहीत; जुन्या मात्र आपणच काढायच्या. मॅक बरेच असतील तर सर्व्हरवरच बंदी घालणे सोपे. सांबा सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘व्हेटो फाइल्स’ची सोय आहे.

पसाऱ्याचे एक वेळ चालेल. पण या फाइलमध्ये फोल्डरमधल्या इतर फाइलींची नावेही असू शकतात. तोच फोल्डर जसाच्या तसा वेबसाइटवर चढवला आणि सर्व्हरने अडवले नाही, तर ती नावे बाहेरचा कुणीही वाचू शकतो. त्यात एखादे नाव ‘कपातीची यादी’ असेल तर?