घरातली वीज : लेखांक 9 – मेगरचे 500 व्होल्ट आणि बोर्डावरचा लाल दिवा

इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर तारांवर 500 व्होल्टचा डीसी दाब देतो, आणि त्या दाबाखाली घरगुती वायरिंगच्या इन्सुलेशनचा रोध निदान 1 मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरावा अशी आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. मात्र हा दाब फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये दिला, तर त्या दोन तारांना जोडलेले पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर हे सारे त्याच्या वाटेत येतात. अशा वेळी एक तर उपकरण निकामी होते, नाहीतर त्याचा स्वतःचा रोध मोजला जाऊन तारेविषयी खोटाच निष्कर्ष निघतो.

या लेखांकात ध्रुवण निर्देशांक या इन्सुलेशनच्या आणखी एका मापाचे गणित द्यायचे ठरले होते. परंतु कोकणातील एका वाचकाच्या प्रश्नामुळे ते पुढे ढकलावे लागत आहे. या वाचकाच्या घरी सर्व प्लग काढूनही फेज-न्यूट्रल रोध एका मेगओहमच्या बराच खाली येत असून, वायरमनने भिंती फोडून नवी वायरिंग करण्याचा सल्ला दिला आहे. अशा प्रसंगी पहिला संशय बोर्डावरच्या लाल इंडिकेटरवर घ्यावा. जुन्या पद्धतीच्या इंडिकेटरमध्ये निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्याशी एकसर जोडलेला एक-दोन लाख ओहमचा रोधक असतो, आणि ही जोडी कोणत्याही बटणाच्या आधीच फेज-न्यूट्रलमध्ये कायमची बसवलेली असते. निऑन सुमारे शंभर व्होल्टच्या आत पेटत असल्याने मेगरला तेवढाच रोध दिसतो, आणि तीन बोर्डांवर तीन इंडिकेटर असतील तर तो जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. खोलीत अंधार करून चाचणी केल्यास इंडिकेटर मंद पेटलेलाही दिसतो. डीसी दाबामुळे त्याच्या दोन कांड्यांपैकी ऋण बाजूची एकच उजळते, ही या निदानाची मोठी सुंदर खूण आहे.

यावरचा रूढ उपाय असा की, मुख्य स्विच बंद करून, तारा निर्जीव असल्याची टेस्टरने खात्री करून घेतल्यावर, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडावेत आणि त्या जोडीचा रोध अर्थिंगच्या तारेशी मोजावा. दोन्ही तारा एकाच दाबावर असल्याने त्यांच्यामध्ये बसलेल्या उपकरणावर दाब पडतच नाही, तरीही दोन्ही तारांचे अर्थच्या बाजूचे आवरण तपासले जाते. येथे एक अट मात्र विसरली जाते: न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असल्याने तो बोर्डावर तोडलेला नसेल तर मेगर शून्यच दाखवतो, आणि एकध्रुवी एमसीबी खाली पाडल्याने न्यूट्रल सुटत नाही, त्यासाठी द्विध्रुवी स्विच हवा.

ही युक्ती अर्थला जोडलेल्या भागांपुढे मात्र थकते. लाट-प्रतिबंधकात असलेला 275 व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर डीसी दाब सुमारे 430 व्होल्टला पोचताच वाहू लागतो, म्हणून त्याचे मॉड्यूल उपसून काढणे हाच सरळ मार्ग होय. ते निघत नसेल तर मानक 250 व्होल्टवर चाचणी करू देते, मात्र 1 मेगओहमची किमान मर्यादा तेथेही कायम राहते. चाचणीनंतर लांब तारांमध्ये भार साठून राहत असल्याने मेगरमधून तो पूर्ण उतरेपर्यंत टोकांना हात लावू नये.

प्रश्नकर्त्या वाचकाने भिंतीला छिन्नी लावण्यापूर्वी इंडिकेटरच्या तारा सोडवून तीच मोजणी पुन्हा करवून घ्यावी आणि दोन्ही आकडे कळवावेत.