वरून दिसते ती रेषा कशाची?

कल्याणजवळ नेवाळीत ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी जमीन घेतली. तिथल्या धावपट्टीच्या खुणा उपग्रहचित्रात आजही ओळखू येतात. याच जमिनींसाठी जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. धावपट्टी कुठे होती ते चित्र दाखवतं, पण तिच्याखाली कुणाचं शेत गेलं हे त्यात कुठेच नसतं. हवाई चित्रांबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आकाशातून जमिनीच्या पोटातलं दिसतं, हा त्यातला सगळ्यात घट्ट समज. तसं होत नाही. पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात हवाई चित्रांवरून जुन्या खुणा ओळखण्याचं शास्त्र रुजवलं, ते पिकांच्या आधारानं. बुजलेल्या चरातल्या मातीत ओल टिकते, म्हणून त्यावरचं पीक जास्त वाढतं आणि उशिरापर्यंत हिरवं राहतं; गाडल्या गेलेल्या भिंतीवरचं लवकर पिवळं पडतं. कॅमेरा टिपतो तो पिकातला हा फरक, आणि तो उठून दिसतो कोरड्या हंगामात. आपल्या भातखाचरांत पावसाळाभर पाणी उभं. सगळीकडे सारखीच ओल असताना फरक उमटणार कसा? त्यामुळे इंग्लंडमधली रीत ठाणे जिल्ह्यात जशीच्या तशी लावू नये. इथे भात कापून झाल्यावर, हिवाळ्यात सकाळचं ऊन तिरपं असताना घेतलेलं चित्र जास्त बोलतं. जेमतेम वीतभर उंचीच्या बांधाचीही सावली लांब पडते आणि मोडलेली गाडीवाट पुन्हा दिसू लागते. लायडारसुद्धा भूगर्भात डोकावत नाही. त्याचे लेझर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि पृष्ठभागाचा चढउतार मोजतात, एवढंच. मलंगगडाच्या झाडीभरल्या उतारांवर मात्र तेवढंही मोलाचं ठरेल.

सरळ रेषा म्हणजे जुना राजमार्ग, असंही अनेकजण धरून चालतात. आपल्याकडे बहुधा उलटं असतं. सातवाहनकाळात कल्याण बंदरातला माल ज्या नाणेघाटानं जुन्नरकडे चढायचा, तो घाट डोंगराच्या खिंडीतून जातो. बैल आणि माणसं चढ सांभाळत, पाणवठा गाठत चालतात. त्यांची वाट वळणं घेणारच. ठाण्याच्या आसपास वरून काटेकोर सरळ पट्टी दिसली, तर आधी १८९२ साली सुरू झालेल्या तानसा योजनेची जलवाहिनी आठवावी, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोचलेली रेल्वे आठवावी, विजेच्या तारांखाली मोकळी ठेवलेली जागा आठवावी.

इमारती उठल्या की जुन्या हद्दी पुसल्या जातात, हे अर्धंच खरं आहे. उल्हासनगर लष्करी छावणीच्या जागेवर वसलं आणि त्याचे भाग आजही कॅम्प नंबरांनीच ओळखले जातात. सर्व्हे नंबरांचे हिस्से पडून ते एकेक करून विकले जातात, तेव्हा शेताची हद्द सोसायटीच्या तिरक्या कंपाउंड भिंतीत टिकून राहते. डोंबिवलीतली एखादी गल्ली विनाकारण वळली, तर तिथे पूर्वी बांध असल्याची शक्यता तपासून पाहावी. खरी हानी होते ती पाणंदींची, पायवाटांची आणि खाडीकाठच्या खारबांधांची. भरावाखाली गेलेला खारबांध पुढच्या कुठल्याही चित्रात उमटत नाही, म्हणून उरलेल्यांची नोंद आत्ताच व्हायला हवी असं मला कळकळीनं वाटतं.

काही खुणा वरून कधीच दिसणार नाहीत. शिलाहारकाळातले गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, पायी फिरूनच सापडतात. त्यातही दगड मूळ जागेवरच आहे की कुणी उचलून देवळापाशी नेला, हे गावात विचारावं लागतं.

‘ड्रोन मोजणी झाली, आता बांधाचा वाद मिटला’ हा ताजा गैरसमज सगळ्यात महागात पडू शकतो. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी गावठाणातल्या मिळकतींसाठी आहे, शेतांच्या हद्दींसाठी नाही. मोबाइलवरच्या नकाशातली रेषाही कायद्यानं हद्द ठरत नाही. शेताला वाट हवी असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्यावी. त्यात पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवतात, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं. नकाशात वाट नसली, तरी दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे मागता येतो.