वैशाखाने मऊ केलेले बी

माळावर वळवाची सर पडते, ढेकळे भिजतात आणि आठवड्याभरात ऊन पुन्हा तापते. त्या सरीला भुलून उगवलेले रोप करपतेच. वाचते ते कडक कवचाचे बी, कारण ते तेव्हा पाणीच आत घेत नाही. मग मृगाच्या पावसात तेच बी कसे रुजते? याचे उत्तर बरेचसे ऑस्ट्रेलियातून आले.

1889 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट बार्करजवळ अमोस हॉवर्ड यांच्या नजरेत एक चारा भरला: सबटेरेनियन क्लोव्हर. भूमध्य सागराकडचे हे द्विदल भुईमुगासारखे आपले बी मातीत पुरते. पुढे ते तिथल्या कुरणांचा आधार झाले. पण ताजे बी उगवायला अडून बसे.

1961 मध्ये संशोधक बी. जे. क्विनलिव्हन यांनी असे कडक कवचाचे बी एकसारख्या उष्णतेत ठेवून पाहिले, तसेच रोज 15 ते 60 अंश सेल्सिअस अशा चढउतारातही. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात उघडी जमीन दुपारी खरोखरच 60 अंशांपर्यंत तापते. एकसारख्या उष्णतेपेक्षा त्या चढउतारानेच कितीतरी जास्त बी मऊ झाले, म्हणजे पाणी आत घेऊ लागले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते जी. बी. टेलर यांचे 1981 चे काम. बी दोन टप्प्यांत मऊ होते, असे त्यांनी दाखवले. भर उन्हाळ्याच्या तापाने कवच आतून तयार होते, तरी बंदच राहते. ऊन उतरू लागले की दिवसरात्रीच्या चढउताराने ते उघडते आणि पाण्याला वाट मिळते. म्हणजे अवकाळी सर येऊन गेली तरी बी झोपलेले, आणि खरा पाऊस जवळ आला की तयार. एवढ्याशा दाण्यात ऋतूचा हा हिशेब!

1982 मध्ये मॅकिऑन आणि मॉट यांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मोसमी प्रदेशात स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी तपासले. तिथेही कोरड्या ऋतूतल्या तापलेल्या जमिनीनेच कवच सैल केले.

हाच स्टायलो आपल्याकडे पडीक माळांवर पेरला जातो. पेरणीपूर्वी बी सुमारे 80 अंशांच्या गरम पाण्यात काही मिनिटे बुडवतात. वैशाखाचे काम चुलीवर उरकतात. उपाय चांगला आहे. मात्र पावसाचा भरवसा नसलेल्या माळावर सगळेच बी गरम पाण्यात घालू नये, असे मला ठामपणे वाटते. थोडे बी तसेच कडक टाकावे. पहिला पाऊस दगा देऊन गेला, तर पुढच्या पावसाळ्यात तेच उगवून येईल.